ईसीएम बदलला, तरी गाडी सुरू होईना? चावी आणि इंजिन यांच्यातली 'सोयरीक' समजून घ्या

पावसाळ्यातलं हे दृश्य तुमच्याही ओळखीचं असेल. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्रीतून गुडघाभर पाणी भरतं, सकाळी ओसरतं, आणि ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांपैकी दोन-तीन गाड्या टोचन लावून गॅरेजला जातात. चार दिवसांनी फोन येतो, "साहेब, ईसीएम गेलाय."

नव्या ईसीएमची किंमत बहुतेक गाड्यांमध्ये पाच आकडी असते. ती ऐकून घाम फुटतो. मग कोणीतरी जाणकार सल्ला देतो, "कुर्ल्याला सीएसटी रोडवर चक्कर मार, सेम मॉडेलचा जुना मिळेल." जुना ईसीएम येतो, सॉकेट बरोबर बसतं, सेल्फ मारला की इंजिन फिरतं आणि सुरूच होत नाही. किंवा सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडतं. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चित्र मात्र लुकलुकत राहतं.

दुकानदार म्हणतो पीस ओके आहे, मेकॅनिक म्हणतो वायरिंग ओके आहे. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असू शकतात! ईसीएम चांगला आहे, जोडणीही चांगली आहे, फक्त तुमच्या चावीला तो ओळखत नाही.

ही ओळख म्हणजे काय, ती कोण करून देतं, आणि ईसीएमवर पैसे घालण्याआधी काय विचारायचं, ते आज जरा निवांत बघूया.

आधी ईसीएमची ओळख

ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. कोणी त्याला ईसीयू म्हणतं. तळहाताएवढा धातूचा डबा, त्यातून निघणारे दोन-तीन मोठे कनेक्टर आणि त्यांना भरगच्च वायरी. गाडीतले सेन्सर त्याला सतत सांगत असतात की हवा किती आत येतेय, इंजिन किती तापलंय, ॲक्सिलरेटर किती दाबलाय. त्यावरून पेट्रोल किंवा डिझेल किती आणि नेमकं कधी सोडायचं, पेट्रोल गाडी असेल तर ठिणगी कधी पाडायची, हे तो ठरवतो.

कार्ब्युरेटरच्या जमान्यात हे काम जेट आणि स्क्रू करायचे. मारुती ८०० ला २००० साली एमपीएफआय इंजिन मिळालं आणि असा डबा मध्यमवर्गीयांच्या दारात आला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, तेव्हा बहुतेक बाईक आणि स्कूटरमध्येही तो आला.

आता महत्त्वाचा भाग. या डब्यात फक्त सर्किट नसतं, माहितीही असते. एक, इंजिन चालवण्याचा प्रोग्रॅम. दोन, त्या विशिष्ट इंजिनासाठीचे आकडे: मॅन्युअल गिअर की ऑटोमॅटिक, बीएस-४ की बीएस-६, वगैरे. तीन, फक्त तुमच्याच गाडीची माहिती. यात अनेकदा चॅसी नंबर असतो, आणि इमोबिलायझरचा गुप्त कोड असतो. पहिल्या दोन गोष्टी सेम मॉडेलच्या दुसऱ्या गाडीत सारख्या असू शकतात. तिसरी कधीच नसते. सगळं घोडं इथेच अडतं.

चावी फिरवल्यावर त्या अर्ध्या सेकंदात काय होतं?

तुमच्या चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी अशी एक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. रिमोटचा सेल वेगळा, तो फक्त दरवाजे उघडायला. रिमोटचा सेल संपला तरी चावीने गाडी सुरू होते ती याचमुळे.

इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. चावी ऑनला नेली की ते वेटोळं साधारण १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडतं. त्या लहरींमधूनच चिपला काम करण्यापुरती वीज मिळते. जागी झालेल्या चिपला गाडी एक आकडा पाठवते, दर वेळी वेगळा. चिप आपल्या पोटातला गुप्त कोड वापरून त्या आकड्यावर गणित करते आणि उत्तर परत पाठवते. तेच गणित गाडीनेही केलेलं असतं. दोन्ही उत्तरं जुळली तर चावी घरची.

गुप्त कोड स्वतः कधीच हवेतून जात नाही, हे या पद्धतीचं शहाणपण. कोणी चोरून ऐकलं तरी त्याला फक्त आजचा प्रश्न आणि आजचं उत्तर मिळतं. उद्याचा प्रश्न वेगळा असतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. अनेक गाड्यांमध्ये चावी तपासणारं युनिट वेगळं असतं आणि ईसीएम वेगळा. चावी पास झाली की ते युनिट ईसीएमला कळवतं, आणि ईसीएमही आधी त्याची ओळख पडताळून बघतो. का? कारण नाहीतर चोराने मधली वायर कापून स्वतःचा 'सगळं ठीक आहे' असा निरोप पाठवला असता. म्हणजे चावी आणि युनिट यांची एक सोयरीक, आणि युनिट आणि ईसीएम यांची दुसरी. दोन्ही जुळल्या तरच इंजेक्टर उघडतात.

पुश-बटण गाड्यांमध्ये चावी खिशात असतानाच हे बोलणं रेडिओने होतं. तिथेही त्या रिमोटचा सेल संपला तर बहुतेक गाड्यांत रिमोट बटणाला किंवा ठरलेल्या जागी टेकवून गाडी सुरू करता येते, कारण आत तीच बिनबॅटरीची चिप असते. एकाच कड्यात दोन वेगवेगळ्या गाड्यांच्या चावी अडकवणाऱ्यांसाठी जाता जाता एक सूचना: दोन्ही चिपा एकदम बोलायला लागल्या की वेटोळ्याचा गोंधळ उडू शकतो. ईसीएमवर संशय घेण्याआधी ती दुसरी चावी कड्यातून काढून बघा, फुकटचा उपाय आहे.

एवढा उपद्व्याप कशासाठी?

कारण तो कामाचा आहे. १९८६ साली अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेटच्या चावीत एक छोटा रेझिस्टर बसवला गेला. १५ वेगवेगळ्या किमतींपैकी एक. गाडी तो मोजायची आणि जुळला तरच सुरू व्हायची. चोराला जास्तीत जास्त १५ चाव्या बाळगाव्या लागणार, म्हणजे हे कुलूप तसं तकलादूच. नव्वदच्या दशकात चिपवाल्या चाव्या आल्या आणि युरोपमध्ये १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. नेदरलँड्समधल्या आकडेवारीचा अभ्यास करून दोन अर्थशास्त्रज्ञांनी काढलेला निष्कर्ष असा की १९९५ ते २००८ या काळात या एका वस्तूमुळे तिथल्या गाडीचोऱ्या सरासरी ४० टक्क्यांनी घटल्या.

आणि नसला तर काय होतं, ते तर सोशल मीडियानेच दाखवून दिलं. अमेरिकेत २०११ ते २०२१ दरम्यान विकलेल्या, चावी फिरवून सुरू होणाऱ्या अनेक किया आणि ह्युंदाई गाड्यांमध्ये खर्च वाचवण्यासाठी इमोबिलायझर दिलेलाच नव्हता. २०२१-२२ च्या सुमारास टिकटॉकवर व्हिडिओ फिरू लागले: स्टिअरिंगखालचं कव्हर काढा, यूएसबी केबलचं टोक अडकवा, फिरवा. पोरंटोरं गाड्या पळवू लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांना सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर अपडेट जाहीर करावं लागलं. तोवर या प्रकारातून किमान १४ अपघात आणि ८ मृत्यू झाल्याची नोंद अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याकडे होती. ही गोष्ट तिथल्या मॉडेलांची आहे, आपल्याकडच्या नव्हे, पण एका छोट्या चिपची किंमत त्यातून कळते.

इमोबिलायझर अभेद्य आहे असं मात्र नाही. २०१२ साली युरोपातल्या संशोधकांनी हिटॅग-२ नावाची लोकप्रिय चिप काही मिनिटांत फोडून दाखवली. त्यातल्याच काहींनी मेगामॉस क्रिप्टो या दुसऱ्या चिपवरचा निबंध २०१३ मध्ये तयार केला, तेव्हा फोक्सवॅगनने लंडनच्या न्यायालयातून त्यावर मनाई आणली. तो निबंध शेवटी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या चिपा अधिक पक्क्या होत गेल्या आणि त्याचाच दुसरा परिणाम असा की प्रामाणिक मालकाला ईसीएम बदलणंही अधिक अवघड होत गेलं.

आता मुख्य प्रश्न: ईसीएम बदलला की काय करावं लागतं?

हे गाडीगणिक बदलतं, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. 'माझ्या मित्राच्या गाडीत तर नुसता लावला आणि चालला' हे वाक्य खरं असू शकतं. त्याच्या गाडीत इमोबिलायझर नसेल, किंवा त्याच्या गाडीत गुप्त कोड भलत्याच डब्यात असेल. ढोबळमानाने चार वाटा आहेत.

पहिली वाट, कोरा करकरीत ईसीएम. कंपनीकडून आलेल्या अशा डब्यात कोणाचाच कोड नसतो, त्यामुळे तो नवी सोयरीक जुळवायला तयार असतो. सर्व्हिस सेंटरमध्ये कंपनीच्या स्कॅनरने आधी तुमच्या मॉडेलचा प्रोग्रॅम आणि चॅसी नंबर भरतात. मग पिन कोड टाकून ईसीएम आणि इमोबिलायझर युनिट एकमेकांना शिकवतात. हा पिन तुमच्या चॅसी नंबरशी बांधलेला असतो आणि कंपनीच्या सर्व्हरवरून मिळतो. अनेक गाड्यांत चुकीचा पिन सारखा टाकला तर सिस्टिम काही काळ स्वतःला कुलूप लावून घेते, म्हणून अंदाजपंचे आकडे मारून बघणाऱ्या माणसाच्या हातात स्कॅनर देऊ नका.

जुन्या काही टोयोटा गाड्यांमध्ये हे काम फारच साधं होतं. डायग्नोस्टिक सॉकेटमधल्या ४ आणि १३ नंबरच्या पिना जोडायच्या, चावी ऑनला ठेवून अर्धा तास थांबायचं, की ईसीएम आणि इमोबिलायझर एकमेकांना ओळखू लागतात. या युक्तीचे व्हिडिओ भरपूर फिरतात, आणि 'सगळ्या गाड्यांना चालतं' अशा मथळ्याने फिरतात. अजिबात चालत नाही. प्रत्येक कंपनी त्या सॉकेटमधल्या काही पिना आपापल्या कामाला वापरते. आपली गाडी त्या यादीत आहे याची खात्री नसताना तिथे तार जोडणं म्हणजे हाताने दुखणं ओढवून घेणं.

दुसरी वाट, जुना ईसीएम आहे तसा. हा डबा आधीच दुसऱ्या घरी नांदलेला असतो. काही ईसीएम स्कॅनरने पुन्हा 'कोरे' करता येतात, मग पहिल्या वाटेने जाता येतं. काहींसाठी जुन्या गाडीचा पिन लागतो, जो आता कोणाकडेच नसतो. आणि काही ईसीएम असे असतात की एकदा कोड लिहिला की तो पुसायची सोयच कंपनीने ठेवलेली नसते. तुमच्या गाडीचा ईसीएम यातल्या कुठल्या जातीचा आहे, हे विकत घेण्याआधी कळलं पाहिजे. दुकानदाराला नव्हे, जो माणूस कोडिंग करणार आहे त्याला विचारा.

याचाच एक पोटप्रकार म्हणजे पूर्ण सेट घेणं: त्याच एका गाडीचा ईसीएम, इमोबिलायझर युनिट आणि चावीची चिप. सोयरीक जुनीच राहते, फक्त अख्खं कुटुंब तुमच्या घरी राहायला येतं. जुन्या, साध्या गाड्यांत हे जमतं. नव्या गाड्यांत इमोबिलायझरचं काम बॉडी कंट्रोल युनिट नाहीतर मीटर करतं, आणि तेही बदलायचं म्हटलं की काचा, लाईट, किलोमीटरचा आकडा, सगळंच नव्याने मांडावं लागतं.

तिसरी वाट क्लोनिंगची. चांगल्या ईसीएम-दुरुस्ती कारागिराची ही आवडती पद्धत, आणि माझ्या मते जुनी गाडी असेल तर सर्वांत व्यवहार्यही हीच. तुमच्या बिघडलेल्या ईसीएमच्या मेमरीतली सगळी माहिती उतरवून घ्यायची आणि तशाच नंबरच्या जुन्या ईसीएममध्ये भरायची. चावीला, युनिटला पत्ताच लागत नाही की डबा बदललाय. ना पिन लागतो, ना चावी पुन्हा शिकवावी लागते. जुन्या ईसीएममध्ये हा कोड बऱ्याचदा आठ पायांच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. सर्किट पाण्याने मेलं तरी ती चिप जिवंत असू शकते. नव्या ईसीएममध्ये माहिती मुख्य प्रोसेसरच्या आत, कुलूपबंद असते, तिथे हे काम कठीण किंवा अशक्य होतं.

क्लोनिंगला एक अट आहे: दोन्ही ईसीएमचे नंबर जुळायला हवेत. 'सेम मॉडेल' पुरेसं नाही. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत वेगळा ईसीएम असू शकतो. डब्यावरच्या स्टिकरचा फोटो काढा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा.

चौथी वाट म्हणजे 'इम्मो ऑफ'. ईसीएमच्या प्रोग्रॅममधून चावी तपासण्याची अटच काढून टाकायची. स्वस्त, झटपट, आणि गॅरेजवाला हमखास सुचवणार. मी म्हणेन, टाळा. यानंतर कुलपापुरती कापलेली साधी चावी नाहीतर एक स्क्रूड्रायव्हरही इंजिनला चालतो. विमा पॉलिसीत मालकाने गाडी सुरक्षित ठेवण्याची वाजवी काळजी घ्यावी अशी अट असते. उद्या गाडी चोरीला गेली आणि इमोबिलायझर मुद्दाम काढलेला निघाला, तर क्लेमच्या वेळी वाद घालायला कंपनीच्या हातात आयतं कोलीत मिळतं.

पण ईसीएम खरंच गेलाय का?

हा प्रश्न खरं तर सर्वांत आधी विचारायचा. ईसीएम हा गाडीतला बऱ्यापैकी टिकाऊ भाग आहे, आणि 'काही सापडत नाही म्हणजे ईसीएमच असणार' हे निदान अनेकदा चुकतं.

ईसीएम मेल्यासारखा वाटायला पुष्कळ साध्या गोष्टी पुरतात. उतरलेली बॅटरी, गंजलेलं अर्थिंग, उडालेला फ्यूज, ईसीएमला वीज देणारा मेन रिले, कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी. एक कारण तर फारच फसवं आहे. ईसीएम अनेक सेन्सरना ५ व्होल्टचा पुरवठा करतो. त्यातला एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला की ते ५ व्होल्ट खाली बसतात आणि गाडी सुरूच होत नाही. काही गाड्यांत ईसीएम स्कॅनरलाही उत्तर देईनासा होतो. काही हजारांचा ईसीएम बदलला जातो आणि दोष निघतो काही शे रुपयांच्या सेन्सरमध्ये. चांगला इलेक्ट्रिशियन एकेक सेन्सर काढून बघतो, व्होल्ट परत आले का ते मोजतो.

स्कॅनरवर दिसणारे कोडही लिहून घ्या. पी०६०१ आणि पी०६०६ हे ईसीएमच्या स्वतःच्या मेमरीकडे किंवा प्रोसेसरकडे बोट दाखवतात. यू०१०० म्हणजे बाकीच्या युनिटांना ईसीएमचा आवाज ऐकू येत नाहीये, आणि त्याचं कारण तुटलेली वायरही असू शकतं. पी०५१३ आणि पी०६३३ दिसले तर भांडण चावीच्या ओळखीचं आहे, अशा वेळी ईसीएम बदलून काहीच साधणार नाही. आधी दुसरी चावी लावून बघा. तिने गाडी सुरू झाली, तर पहिल्या चावीची चिप गेलेली.

पाण्यात बुडालेली गाडी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण. आपल्याकडे ईसीएमचा खरा शत्रू पाणीच.

काही गाड्यांत ईसीएम बोनेटखाली असतो, तोही बराचसा सीलबंद. काहींत तो डॅशबोर्डच्या खाली, पायांजवळ असतो. दुसऱ्या प्रकारात गाडीत सीटपर्यंत पाणी आलं तरी खेळ संपतो. निव्वळ पाण्यापेक्षा पाणी आणि वीज एकत्र येणं जास्त घातक: बॅटरी जोडलेली असेल तर सर्किटवरची तांब्याची रेघ झपाट्याने खाल्ली जाते. म्हणून गाडी बुडाली की चावी लावून बघायचा मोह आवरा आणि आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सेल्फ मारू नका याचं दुसरं कारण इंजिनात शिरलेलं पाणी. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची वेगळी जोडणी घेतलेली असावी लागते.

कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा असेल तर सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत ईसीएम उघडू देऊ नका, फोटो काढून ठेवा. आणि हो, मोबाईल तांदळात ठेवतात तसं ईसीएमचं करू नका. गंजाचा थर तांदूळ काढत नाही. तो काढायला डबा उघडून सर्किट अल्कोहोलने धुवावं लागतं, आणि ते जितकं लवकर होईल तितकी आशा जास्त.

सर्व्हिस सेंटरशिवाय पर्याय आहे का?

हा वाद आपल्याकडे पार स्पर्धा आयोगापर्यंत गेलेला आहे. स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग आणि निदानाची यंत्रं, सॉफ्टवेअर मिळू दिलं जात नाही, या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे प्रकरण अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारींचाही समावेश आहे. दुरुस्तीची माहिती देणं वेगळं आणि सुरक्षेचे कोड खुले करणं वेगळं, असं कंपन्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, कारण पिन कोड कोणालाही मिळू लागला तर चोरालाही मिळेल. पण त्याच सबबीखाली साधी डुप्लिकेट चावीही महाग होते, हेही तितकंच खरं.

व्यवहारात असं होतं: गाडी नवी किंवा वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला पर्याय नाही. जुनी असेल तर ईसीएम दुरुस्ती आणि की-कोडिंग करणारे स्वतंत्र कारागीर आता बहुतेक शहरांत आहेत, आणि त्यातले काही खरोखर उत्तम आहेत. त्यांना तीन गोष्टी विचारा. माझ्या ईसीएमचं क्लोनिंग होतं का? काम करताना बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर लावता का? आणि काम फसलं तर पैसे कोणाचे? दुसरा प्रश्न उगाच नाही. प्रोग्रॅम लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं, तर चांगला ईसीएमही तिथेच निकामी होऊ शकतो.

डिझेल गाडी असेल तर आणखी एक काम असतं. अनेक कॉमन-रेल इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरवर अक्षरं-आकड्यांचा एक कोड छापलेला असतो, तो नव्या ईसीएममध्ये भरावा लागतो. हे राहिलं तर गाडी सुरू होते पण खडखडते, धूर सोडते, आणि मग इंजेक्टर बदलण्याचा सल्ला मिळतो.

कोडिंगला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या. अनेक गाड्यांत चावी शिकवताना जुनी यादी पुसून नवी बनते. जी चावी त्या वेळी हजर नसेल, ती दुसऱ्या दिवसापासून फक्त दरवाजा उघडायच्या कामाची उरते. आरसी आणि ओळखपत्रही न्या. हे कागद न मागता काम करून देणारा माणूस तुमच्यासाठी सोयीचा वाटेल, पण तो चोरासाठीही तितकाच सोयीचा आहे. जोडीने शिकवलेला स्वतःचा ईसीएम आणि चावी सोबत आणून गाडी पळवण्याची पद्धत चोरांनी केव्हाच आत्मसात केली आहे.

याच कारणाने बिलाशिवाय जुना ईसीएम घेऊ नका. त्याच्या मेमरीत अनेकदा मूळ गाडीचा चॅसी नंबर असतो आणि तो स्कॅनरवर दिसतो. ती गाडी चोरीची निघाली, तर प्रश्न तुम्हालाही विचारले जातील. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला जागा असताना तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बिलावर ईसीएमचा नंबर आणि विकणाऱ्याचा पत्ता लिहून घ्या. कोडिंगचं बिलही वेगळं मागा आणि जपून ठेवा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सहसा दोन्ही चाव्या मागते, तेव्हा चावी कधी आणि कुठे शिकवली याचा कागद उपयोगी पडतो.

आणि एक शेवटचं. ईसीएम बदलल्यावर गॅरेजवाला विचारेल, "जुना डबा ठेवून घेऊ का?" कधी बिलातून दोनशे रुपये कमीही करेल. देऊ नका. क्लोनिंगसाठी लागणारी तुमच्या गाडीची सगळी ओळख त्याच डब्यात आहे. नवा ईसीएम सहा महिन्यांनी दगा देऊन गेला, तर कारागीर पहिल्यांदा तोच मागणार आहे. विम्यातून बदलला असेल आणि कंपनीने जुना भाग जमा करून घेतला, तर तो देण्याआधी स्टिकरचा स्पष्ट फोटो काढा आणि त्यातली माहिती उतरवून घेता येते का ते विचारा. नाहीतर डबा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वर गाडीचा नंबर लिहून, घरातल्या कोरड्या कपाटात ठेवून द्या.